जुळलेले काटे

गेल्या पावसाळ्यात कागलकडच्या एका दूध संकलन केंद्राच्या शीतखोलीला आतून पफ मारण्याचे, म्हणजे दोन रसायने एकत्र फवारून गारवा धरून ठेवणाऱ्या पॉलियुरेथेन फोमचा थर देण्याचे, काम आमच्याकडे आले होते. जुलैचा दुसरा आठवडा होता. पाऊस असा लागला होता की पत्र्यावरच्या आवाजामुळे शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही ओरडून बोलावे लागत होते, आणि आत आंबट दुधाचा, ओल्या सिमेंटचा आणि आमच्या रसायनांचा मिळून एक जड वास कोंडून राहिला होता. दाराजवळ लाकडी फळ्यांवर दोन ड्रम उभे केले होते. एकात आयसो, म्हणजे आयसोसायनेट, काकवीच्या रंगाचे पण काकवीपेक्षा कितीतरी पातळ. दुसऱ्यात पॉलिओल, फिकट पिवळे आणि दाट. दोन्ही ड्रमांच्या तोंडात हवेवर चालणारे एकसारखे पंप, तिथून मुख्य यंत्र, आणि यंत्रातून निघून एकमेकींना बिलगून फवारणीच्या गनपर्यंत गेलेल्या लाल आणि निळ्या अशा दोन गरम नळ्या. काम सुरू होऊन अर्धा तास झाला असेल, तोच यंत्रावरचे दाब दाखवणारे दोन काटे एकमेकांपासून फाकू लागले. आयसोचा काटा साडेअकराशे पीएसआयपर्यंत चढला आणि पॉलिओलचा आठशेवर उतरला. मी तीस वर्षे या रसायनांत हात घातलेला माणूस. मी आयसोच्या हीटरचे तापमान पाच-सहा अंशांनी वाढवले. आयसो आणखी पातळ झाले, त्याचा काटा हळूहळू खाली आला, पॉलिओलचा थोडा वर सरकला, आणि काही मिनिटांत दोन्ही काटे हजाराच्या रेघेवर शेजारी शेजारी येऊन उभे राहिले. ते दृश्य पाहून मला जे समाधान वाटले, त्याची आज लाज वाटते.

आमच्याकडचा मदतनीस पोरगा त्या वेळी दोन ड्रमांच्या मधोमध उकिडवा बसला होता. राधानगरी तालुक्यातल्या एका वाडीतला हा पोरगा, गावच्या जत्रेत घुमकं वाजवतो. त्याचा एक तळहात आयसोच्या पंपावर होता आणि दुसरा पॉलिओलच्या. तो तसाच बसून ओरडला, “मालक, काटं जुळल्यात, पर ठोकं जुळंनात.” मी मुखवट्यातूनच ओरडून म्हणालो, “ठोकं कसलं मोजतोस, काटं बघ की!” तो काही बोलला नाही. त्याने हात काढून घेतले आणि काट्यांकडे पाहत उभा राहिला. मी संध्याकाळपर्यंत एक अख्खी भिंत आणि दुसरीचा निम्मा भाग मारून घेतला. केंद्राच्या व्यवस्थापकाने येऊन भिंतीवर बोटाच्या पेराने ठकठक केले आणि “लई कडक झालंय,” असे म्हणून तो खूश होऊन गेला.

तो कडकपणाच खोटा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीला नख लावले, तर फोमचा कोपरा बिस्किटासारखा तुटून हातात आला. चांगला पफ नखाखाली किंचित दबतो आणि परत उठतो. हा दबत नव्हता. त्याचा चुरा होत होता. रंगही नेहमीच्या फिकट लोण्यासारखा नसून करपलेल्या खव्याकडे झुकणारा होता. पत्री घालून जरा उचकटले, तेव्हा हातभर लांबीचा तुकडा एकसंध निघून खाली पडला, आणि मागे भिंतीचा पत्रा लख्ख कोरडा दिसला, जणू त्याला कोणी कधी चिकटलेच नव्हते. आयसो जास्त आणि पॉलिओल कमी पडल्याची ही सारी लक्षणे मी स्वतः किती नव्या पोरांना शिकवली होती. ती भिंत खरवडून पोत्यांत भरायला आम्हाला दीड दिवस लागला. माल वाया गेला, मजुरी गेली, हे सगळे होऊन गेले आणि विसरलेही गेले. विसरले गेले नाही ते पोराचे वाक्य. काटे जुळले होते, हे त्याने आधी मान्य केले होते. त्याच्या वाक्याचा पुढचा अर्धा भाग मी ऐकूनच घेतला नव्हता.

आमच्या लहानपणी, मंगळवार पेठेतल्या घराच्या मोरीत तांब्याचा बंब होता. पहाटे आई त्यात शेणी आणि लाकडाचे ढलपे घालायची, धूर डोळ्यांत जायचा, आणि बंबाच्या तोटीतून पाणी बादलीत पडताना जो भरीव आवाज यायचा, त्यावरून ते किती तापले आहे हे तिला कळायचे. मग ती हाक मारायची, “विसण बघून घाल रे, भाजशील.” विसण हा शब्द आता नव्या पिढीच्या कानावर पडत नाही. कढत पाणी अंगाला सोसवेल इतके निववण्यासाठी त्यात घालायचे जे गार पाणी, ते विसण. हौदातून तांब्याने विसण घालायचे, हात बुडवून ढवळायचे, पुन्हा थोडे घालायचे. दोन पाण्यांचे प्रमाण कोणी कधी मोजले नाही. मोजमाप म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूची कातडी. आणि या पद्धतीत मोठी सोय अशी होती की चूक झाली तरी ती दुरुस्त करता येत असे. गार झाले तर बंबातले आणखी, गरम राहिले तर हौदातले आणखी. बादली वाट पाहायला तयार असे.

माझ्या धंद्यातली बादली वाट पाहत नाही. आयसो आणि पॉलिओल गनच्या पोटातल्या एका इवल्याशा पोकळीत समोरासमोरून येऊन एकमेकांवर आदळतात, आदळण्याच्या जोरानेच मिसळतात आणि बाहेर पडतात. भिंतीवर पडल्यावर काही सेकंदांत त्यांचा साईसारखा पांढुरका थर फुगू लागतो, पाहता पाहता जाडी कितीतरी पट होते, आणि जेमतेम वीस सेकंदांत हाताला चिकटणेही थांबते. एकदा मीलन झाले की त्यात कोणालाही विसण घालता येत नाही. १९३७ साली जर्मनीतल्या लेव्हरकुझेन येथे ऑटो बायर या रसायनशास्त्रज्ञाने ही जोडी पहिल्यांदा जुळवली (बायर कंपनीच्या संस्थापकांशी त्याचे आडनाव तेवढे जुळत होते, नाते काही नव्हते), तेव्हापासून आजतागायत हे रसायन माणसाला दुसरी संधी देत नाही. जे काही बरोबर करायचे, ते दोघांची भेट होण्याआधी.

आणि भेट होण्याआधी काय चालले आहे हे सांगायला आपल्याकडे असतात दोन काटे.

या काट्यांविषयी माझ्या मनात जो गोंधळ होता, तो तीस वर्षांचा अनुभव असूनही कसा टिकून राहिला, याचे मला नवल वाटते. आमच्या यंत्रात दोन पंप एकाच मोटरच्या दोन बाजूंना, एकाच आडव्या दांड्यावर बसवलेले असतात. दांडा जितका सरकतो तितकेच दोन्ही पंप सरकतात, म्हणून एकास एक हे प्रमाण यंत्राच्या घडणीतच बांधलेले असते. मी हे पोरांना बैलजोडीवरून समजावत असे. एका जुवाखाली दोन बैल चालले की दोघांचे चाललेले अंतर सारखेच भरते. एकाच्या पायाखाली चिखल असेल आणि दुसऱ्याच्या पायाखाली मुरूम, तर खांद्यावरचा ताण मात्र वेगवेगळा असू शकतो. काटा दाखवतो तो हा ताण. पुढच्या वाटेत द्रवाला किती अडवले जाते आहे, नळी किती लांब आहे, द्रव किती दाट आहे, गनमधले छिद्र किती बारीक झाले आहे, याची ती बेरीज असते. किती माल गेला, हे काटा सांगतच नाही. ते सांगणारे दुसरेच काहीतरी पाहावे लागते. दोन बैलांपैकी एकाचे औत मातीत रुतले आहे आणि दुसऱ्याचे वर उचललेले आहे, असे असले तरी दोघे अंतर सारखेच चालतील. फक्त एकाच्या मागे तास पडलेलाच नसेल. पंपाच्या पोटात माल पुरेसा आलाच नाही, तरी दांडा तितकाच सरकतो. अर्धा रिकामा घोट पुढे ढकलला जातो आणि त्या बाजूचा काटा पडतो.

कागलला घडले ते इतकेच. पॉलिओलचा ड्रम आदल्या रात्री बाहेर ओसरीत राहिला होता. रात्रभराच्या गारव्याने पॉलिओल दाट झाले होते, त्यात गाळणीची जाळी निम्मी तुंबलेली. पंपाला हवा तेवढा माल मिळेना, म्हणून पॉलिओलचा काटा उतरला. मोटरचा एकूण जोर ठरलेला असल्यामुळे एका बाजूला अडथळा कमी झाला की उरलेला सगळा भार दुसऱ्या बाजूवर जातो, म्हणून आयसोचा काटा चढला. तराजूच्या पारड्यांसारखे हे चालते, आणि म्हणूनच फसवते. कारण चढलेल्या काट्याकडे लक्ष आधी जाते. मी आयसोला गरम करून आयसोची वाट मोकळी केली. अडथळा कमी झाल्यावर यंत्र आणखी जलद धावू लागले, आणि आधीच उपाशी असलेला पॉलिओलचा पंप आणखी उपाशी राहिला. काटे एकत्र आले, आणि मालाचे प्रमाण आणखी फाकले. रोग्याला चांगल्या पायानेही लंगडायला लावून चाल सारखी करावी, तसला तो इलाज होता.

खरे तर याचा एक साधा नियम मला धंद्याच्या पहिल्याच वर्षी एका वयस्कर फिटरने सांगितला होता. “चढलेल्याचं पुढं बघायचं, उतरलेल्याचं मागं.” काटा नेहमीपेक्षा चढला असेल तर अडथळा यंत्राच्या पुढे, गनमध्ये किंवा नळीत आहे, उतरला असेल तर खोट मागे, जाळीत, ड्रममध्ये किंवा ड्रमच्या पंपात आहे. दोन्ही एकदम घडले तर कोण मूळ आणि कोण सावली, हे ओळखण्यासाठी रोजचे आकडे माहीत असावे लागतात, आणि काट्याची नुसती उंची पाहून भागत नाही, त्याचे वागणे पाहावे लागते. दांडा एका बाजूला जाताना काटा पडत असेल आणि परत येताना सावरत असेल, तर पंपातल्या बॉल व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला असण्याची शंका घ्यावी. दोन्ही फेऱ्यांत सारखाच पडत असेल तर मागून मालच येत नाही. हे सगळे मला माहीत होते, मी ते इतरांना शिकवले होते. तरीही त्या दिवशी मी दोन आकड्यांतला फरक हाच रोग मानला आणि फरक मिटवला.

चढलेल्याच्या पुढे काय होऊ शकते याचा धडा मला फार पूर्वी मिळाला होता. गोकुळ शिरगावच्या एका शेडचे छप्पर मारत असताना आयसोचा ड्रम संपत आला आणि ते कोणाच्या ध्यानात आले नाही. गनमध्ये एका बाजूचा जोर ओसरला, दुसऱ्या बाजूचा तसाच राहिला, आणि पॉलिओलने समोरून येणाऱ्याच्या वाटेत शिरायला सुरुवात केली. गनमध्ये यासाठी उलट प्रवाह अडवणारे इवलेसे व्हॉल्व्ह असतात, पण त्यांतला एक आधीच चिकटलेला होता. दोन द्रव जिथे भेटायचे तिथे न भेटता आयसोच्या खोलीत भेटले आणि तिथेच दगड झाले. केसाएवढ्या ड्रिलने ती छिद्रे कोरत मी रात्री दोनपर्यंत कंदिलासारख्या पिवळ्या दिव्याखाली बसलो होतो. धातूचे छिद्र किंचितही मोठे करायचे नाही आणि आतला खडा मात्र काढायचा, असे ते काम. लाल नळीचा गनकडचा तुकडा शेवटी कापून टाकावा लागला. त्या दिवसापासून समान दाब या शब्दाचा माझ्या मनातला अर्थ भीतीशी जोडला गेला. दाब सारखे ठेवायचे ते एकाने दुसऱ्याच्या घरात शिरू नये म्हणून, एवढेच मी शिकलो, आणि ते शिकणे अर्धेच होते.

हे शिरणे कोल्हापूरकरांना समजावून सांगावे लागत नाही. पाऊस वाढला की आपण सगळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या आकड्याकडे डोळे लावून बसतो. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. पण जुनी माणसे त्याच वेळी दुसरा प्रश्न विचारतात, “खाली कृष्णेला किती आहे?” पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, आणि कृष्णाच तुडुंब असली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, फुगवटा मागे सरकत येतो. इथे पाऊस उघडला तरी पाणी उतरत नाही, याचा अनुभव २०१९ आणि २०२१ साली सर्वांनी घेतला. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, तेव्हा आमचे यंत्र शेडमध्ये माळ्यावर चढवून मी घराच्या गच्चीत उभा राहून पाण्याकडे पाहत असे. संगमावर दोन्ही नद्यांची पातळी सारखी झाली की पाणी शांत, आरशासारखे दिसते. त्या शांततेवरून वर किती गावे पाण्याखाली आहेत, हे काही कळत नाही.

घरातही हेच. तीन वर्षांपूर्वी आम्ही गच्चीवर सोलर बसवला, आणि गार पाण्याला जोर यावा म्हणून पोराच्या हट्टाने एक छोटा पंप लावला. गरम पाणी टाकीच्या उंचीवरून आपल्या वजनाने येणारे, गार पाणी पंपाने रेटलेले. मिक्सरची दोन्ही तोंडे उघडी राहिली की गार पाणी गरम नळीत शिरून उलटे सोलरच्या टाकीपर्यंत चढू लागले, आणि भर उन्हाळ्यात आमच्याकडे अंघोळीला कोमट पाणी येऊ लागले. प्लंबरने येऊन पहिल्या पाच मिनिटांत गरम नळीवर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, बसवला आणि गार पाण्याचा पंप कमी केला. बायको मला म्हणाली, “अहो, तुमचा धंदाच हा ना?” त्यावर मी जे उत्तर दिले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

वडील उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. ओली वाळू तयार झाली की नाही, हे ते मुठीत दाबून पाहत. मूठ उघडल्यावर बोटांच्या खुणा स्वच्छ उमटल्या पाहिजेत आणि गोळा मधोमध मोडला तर कडा चुरता कामा नये. पुढे रेझिन आणि हार्डनर वाळूत सोडणारे मिक्सर आले, तेव्हा माझी पहिली नोकरी अशाच एका मिक्सरवर लागली. रोज सकाळी वाळू सुरू करण्याआधी दोन्ही नळ्यांखाली मापे धरायची, घड्याळ लावायचे, आणि अमुक सेकंदांत किती रेझिन पडले आणि किती हार्डनर पडला, हे तोलून वहीत लिहायचे. कंटाळवाणे काम होते. हार्डनरच्या आम्लाने बोटांची टोके पिवळी पडत, आणि वडील विचारत, “आज किती भरलं?” त्यांनी काटा किती होता हे कधी विचारले नाही, कारण त्या मिक्सरवर काटा नव्हताच. पफच्या यंत्रावरही ही चाचणी करता येते. गन उतरवून दोन वेगळ्या पेल्यांत दोन्ही बाजू सोडायच्या आणि तोलायच्या. तोलताना पुन्हा एक खोच आहे; प्रमाण आकारमानाचे असते आणि आयसो पॉलिओलपेक्षा जड, लिटरला सव्वा किलोच्या जवळपास भरणारे, त्यामुळे तराजूचे दोन आकडे सारखे आले तर ते चुकीचे समजायचे. सारखेपणाने माणसाला किती ठिकाणी गाठावे! ही चाचणी मी धंद्याच्या सुरुवातीला रोज करत असे. मग आठवड्याला. मग यंत्र उघडले की. डिजिटल काट्यांचे नवे यंत्र आल्यावर मी ती सोडूनच दिली, कारण ग्राहक येऊन त्या हिरव्या आकड्यांचे मोबाइलवर फोटो काढू लागले आणि आकडे सारखे दिसले की त्यांची मान हलू लागली. मीही त्या माना पाहूनच यंत्र चालवू लागलो असणार.

आपल्याकडच्या पावसाळ्याने ही सगळी गणिते आणखी बिघडतात. आयसोला ओल सोसत नाही. झाकण उघडे राहिले की हवेतली वाफ पिऊन त्यावर साय धरते, आत खडे होतात, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि बंद ड्रमचे पोट फुगते. म्हणून ड्रमच्या तोंडाला सिलिका जेलची डबी लावावी लागते, आणि जूनमध्ये निळे असलेले ते दाणे जुलैच्या अखेरीस गुलाबी होऊन बसतात. पॉलिओलचे दुखणे वेगळे, ते थंडीने आखडते. एकाला ओलीची भीती, दुसऱ्याला गारव्याची, आणि गगनबावड्याकडून येणारा वारा दोन्ही बरोबर घेऊन येतो. (आयसो हे नाव ऐकून अजूनही कोणीतरी भोपाळची आठवण काढतो. १९८४ साली तिथे फुटला तो मिथाइल आयसोसायनेट, सहज वाफ होणारा. आमचे आयसो त्या मानाने जड आणि न उडणारे आहे. पण फवाऱ्यात त्याचे धुके होते आणि ते छातीत गेले की दमा जडतो, म्हणून बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा मी कोणालाही काढू देत नाही. त्या मुखवट्यात आपलाच श्वास इतका मोठा ऐकू येतो की दुसरे काही ऐकू येत नाही, हेही खरे.)

पोराने हात ठेवले होते ते ड्रमवरच्या पंपांवर. ते दोन्ही पंप एकसारखे, एका ठोक्याला दोघेही सारखाच माल उचलणारे. एकास एक चालायचे असेल तर दोघांचे ठोके सारखेच पडले पाहिजेत, हे इतके उघड आहे की कोणत्याही पुस्तकात ते वेगळे सांगण्याची गरज पडू नये. आयसोचा पंप नेहमीच्या लयीत चालला होता आणि पॉलिओलचा रेंगाळत होता, म्हणजे पॉलिओल कमी उचलले जात होते. यंत्रावरच्या हजार-हजारच्या आकड्यांत जे दिसत नव्हते, ते त्या दोन तळव्यांना कळत होते. घुमकं वाजवणाऱ्याला हलगीपासून आपण किती मागे पडलो हे कळतेच, त्याला ते कोणी शिकवावे लागत नाही. मी मात्र काट्यांकडे पाहत होतो, पत्र्यावर पाऊस कोसळत होता, आणि मुखवट्यात माझाच श्वास चालला होता.

भिंत खरवडली त्या दीड दिवसात आम्ही दोघे फारसे बोललो नाही. मी त्याला रागावलो नाही, पण तुझेच बरोबर होते असेही म्हणालो नाही. खरवडताना उडणारी धूळ त्याच्या भुवयांवर बसली होती. मधल्या सुट्टीत त्याने भाकरीचा तुकडा मोडून खर्डा माझ्याकडे सरकवला, आणि मी तो घेतला, यालाच मी मनाशी माफी मागितल्याचे समजून घेतले. पुढे आम्ही ड्रमला गरम पट्टा बांधून, जाळी धुऊन, पॉलिओल पंचविसावर आणून काम पुन्हा केले. ते चांगले झाले. पण नंतरच्या प्रत्येक कामावर यंत्र सुरू करताना माझे डोळे काट्यांवर जात आणि लगेच त्याच्या हातांकडे वळत. तो हात पंपांवर ठेवत नसे. खिशात ठेवत असे.

खंडेनवमीला आम्ही यंत्र धुतो, गन उघडून ग्रीस भरतो, आणि पूजेत यंत्रासमोर कामाची वही ठेवतो. या वर्षी वही काढताना मी सहज जुलैची पाने चाळली. कागलच्या दिवसाच्या पानावर त्याच्या वाकड्या अक्षरात आकडे होते. वेळ, तापमान, आयसो हजार, पॉलिओल हजार, दर अर्ध्या तासाला, पाच ओळी, एकसारख्या. शेरा लिहायच्या रकान्यात आम्ही कोणी कधी काही लिहीत नाही. तिथे पेन्सिलीने, इतक्या फिक्या अक्षरात की वही तिरकी धरल्याशिवाय दिसू नये, त्याने लिहिले होते, “मिन्टाला ठोकं. आयसो १२, पॉली ९.” पहिल्या चार ओळींसमोर तेच. शेवटच्या ओळीसमोर पॉलीचे आठ होते.

म्हणजे त्याने मोजले होते. मी भिंत मारत होतो त्या सगळ्या वेळात, माझ्या मागे उभा राहून, हात न लावता, नुसते डोळ्यांनी पंपांचे दांडे पाहत त्याने ते मोजले होते, आणि लिहूनही ठेवले होते. चार शब्द पुन्हा ओरडून सांगण्याऐवजी त्याने ते अशा जागी लिहिले होते जिथे मी पाहणार नाही याची त्याला बहुधा खात्री होती. मी वही घेऊन बाहेर आलो. तो ओसरीत झेंडूच्या माळा ओवत बसला होता. मी पान त्याच्यासमोर धरले आणि विचारले, “एवढं मोजलं होतंस, तर परत का बोलला नाहीस?”

त्याने पानाकडे पाहिले, सुईतला दोरा दातांनी तोडला, आणि अगदी सरळपणे म्हणाला, “तुम्ही काटं बघ म्हणालासा. मग मी काटं बघितलं.”

मग तो माळा घेऊन उठला. एक आयसोच्या पंपाला बांधली, एक पॉलिओलच्या.